शटरची खडखड: तेलाची बाटली उघडण्याआधी या चुका टाळा

गाडीच्या शेडचं शटर आवाज करायला लागलं की धुळ्यापासून रावेरपर्यंत एकच इलाज ऐकू येतो, "तेल टाकी दे ना भो!" मग कोणी खोबरेल ओततं, कोणी शिलाई मशीनचं तेल, आणि ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे ते इंजिनातून काढलेलं काळं ऑइल. थोडे दिवस शटर गप्प बसतं, मग आधीपेक्षा जास्त बोंबलतं आणि तेव्हा मला फोन येतो. माझं फॅब्रिकेशनचं काम आहे, शटर बसवतो पण आणि दुरुस्त पण करतो, आणि खरं सांगू का, निम्मं काम लोकांनी केलेल्या इलाजाची दुरुस्ती असते.

काळं ऑइल आणि ग्रीस

ही माझी सगळ्यात नावडती चूक. शटर दोन्ही बाजूंच्या गाईडमधून, म्हणजे त्या उभ्या चॅनेलमधून घासत वरखाली होतं. आपल्याकडे मार्च ते जून धूळ किती असते हे काय सांगायचं, त्यात गाईडला ग्रीस फासलं की धूळ तिथेच चिकटते, आणि ग्रीस अधिक बारीक वाळू म्हणजे पॉलिश पेपरच झाला, पट्ट्यांची टोकं रोज झिजतात.

चोपड्याकडे एका आबांच्या शेडमध्ये कापूस भरला होता, भाव वाढेल म्हणून थांबले होते. शटर करकरतं म्हणून मुलगा येता-जाता काळं ऑइल सोडायचा. कापसाचे तंतू उडून उडून त्या ऑइलात बसले आणि गाईडमध्ये दोन्हीकडून नमद्यासारखा जाड थर तयार झाला. व्यापाऱ्याची गाडी दारात उभी आणि शटर गुडघ्याएवढं उचललं जाऊन अडकलं. धीर कोणाला आहे! खालून पहार घातली, चार माणसांनी जोर लावला, तीन पट्ट्या गाईडमधून निसटून वाकल्या. वर शटरला लागून जो कापूस होता त्यावर काळे डाग, व्यापाऱ्याने तेवढा माल बाजूला काढायला लावला. मी गेलो तेव्हा आबा म्हणाले, "व्हयनं ते व्हयनं, आते उघाड." गाईडमधून मी स्क्रू ड्रायव्हरने जे उकरून काढलं त्याची हातभर लांब वात निघाली. तेल पिलेला कापूस, आणि बाजूला बिडी ओढणारे हमाल, विचार करा.

माझी पद्धत अशी: आधी कोरडा ब्रश, मग जुनी बनियन रॉकेलमध्ये भिजवून (नसेल तर डिझेल, पण आसपास आग नको आणि शेड मोकळी हवेशीर पाहिजे) गाईड वरपासून खालपर्यंत पुसायचं, कापड काळं यायचं बंद होईपर्यंत. पूर्ण वाळू द्यायचं. मग गाईडच्या आतून साधी मेणबत्ती घासायची, किंवा सिलिकॉन स्प्रेचा हलका हात. मेण कोरडं राहतं, धूळ कमी धरतं. डब्ल्यूडी-40 मारून "झालं काम" म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्या, ते गंज सोडवायला न ओलावा हटवायला चांगलं, पण उडून जातं, त्यावर महिनोन्‌महिने शटर चालत नाही.

आवाज कुठून येतो ते न ऐकणं

एकाने शटर हळूहळू उघडायचं, दुसऱ्याने कान द्यायचा. सलग करकर असेल तर गाईड किंवा पट्ट्यांचे सांधे कोरडे. दर वेळी त्याच उंचीवर ठक् होत असेल तर एखादी पट्टी वाकलेली किंवा गाडी लागून गाईड चेपलेलं, तिथे तेलाचा काही उपयोग नाही, चॅनेल सरळ करा. एकाच बाजूने खरवडल्यासारखं होत असेल तर पट्टी आडवी सरकलीये. शटर खाली घेऊन लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने हळू आत ठोकायची आणि टोक जरा दाबून टाकायचं म्हणजे परत सरकत नाही. थेट पट्टीवर हातोडी मारू नका.

आणि ऊन. "उन्हाने शटर फुगलं" हे मे महिन्यात रोज ऐकतो. तीन मीटरची लोखंडी पट्टी 25 डिग्रीने तापली तर जेमतेम एक मिलिमीटर वाढते, नीट बसवलेल्या गाईडमध्ये त्याहून जास्त जागा असते. भुसावळला पारा 45 वर गेला म्हणून शटर अडत असेल तर ते आधीपासूनच घट्ट होतं.

स्प्रिंगला हात लावणं

हे करूच नका. हाताने ओढायच्या साध्या शटरमध्ये वरचा पाइप यू-क्लॅम्पने पकडलेला असतो आणि स्प्रिंगा त्यावर पिळलेल्या असतात. शटर बंद असताना पीळ सगळ्यात जास्त, आणि नेमकं तेव्हाच हौशी माणूस शिडी लावून क्लॅम्पचा नट सैल करतो. पाइप गर्रकन फिरतो, त्यावर लावलेला पाना कोणाच्या तोंडावर येईल सांगता येत नाही. आमची पोरं सुद्धा हे काम एकट्याने करत नाहीत. व्हिडिओ बघून "पाच मिनिटांचं काम" म्हणणाऱ्यांना मी हात जोडतो.

तुम्ही फक्त तपासा. शटर कमरेपर्यंत आणून पकड हलकी करा, पाय आणि पोरं खालून लांब. तिथेच थांबलं तर स्प्रिंग ठीक. खाली येऊ लागलं तर ढिली, वर पळालं तर जास्त ताणलेली. दोन्हीत शटरवाल्याला बोलवा.

बाकीच्या किरकोळ

घराला रंग देताना गाईडच्या आतून ऑइल पेंट मारू नका, शटर चिकटतं.

कुलपाच्या पट्टीचे दांडे पूर्ण आत जात नाहीत आणि गाईडला घासत राहतात, लोक मात्र स्प्रिंग खराब समजतात. हे आधी बघा, फुकटचं काम आहे.

पावसाळ्यानंतर गाईडच्या तळाशी साचलेला चिखल काढा.

मोटरचं शटर असेल तर आधी लाइट बंद करा, मग हात घाला. हाताने किंवा साखळीने जड जात असेल तर मोटरने ओढवत राहू नका, मोटर जळेल आणि तिचं बिल शटरच्या दुरुस्तीपेक्षा भारी येतं.