मालदीवच्या वस्तीच्या बेटावर मुक्काम करताना

मालदीवचे बुकिंग करण्यापूर्वी आपण निवडलेले बेट रिसॉर्टचे आहे की वस्तीचे, हे पाहून घ्यावे. 2008 च्या राज्यघटनेनुसार इस्लाम हा तेथील राज्यधर्म असून बिगर-मुस्लिम व्यक्तीला नागरिकत्वही मिळू शकत नाही. रिसॉर्टच्या बेटावर पर्यटकाला याची फारशी जाणीव होत नाही. मात्र माफुशीसारख्या वस्तीच्या बेटावर गेस्ट हाउसमध्ये उतरल्यास मद्य मिळत नाही आणि पोहण्याचे तोकडे कपडे चालतात ते केवळ पर्यटकांसाठी राखलेल्या किनाऱ्यावर.

सामान भरतानाच काळजी घ्यावी. दारू, डुकराचे मांस आणि पूजेच्या मूर्ती देशात आणण्यास मनाई आहे, त्यामुळे प्रवासात गणपतीची छोटी मूर्ती जवळ बाळगणाऱ्यांनी ती घरीच ठेवलेली बरी.

साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची असते. शुक्रवारी दुपारी जुम्म्याच्या नमाजासाठी दुकाने बंद होतात आणि सार्वजनिक फेरीबोटीही त्या दिवशी सहसा सुटत नाहीत, म्हणून बेट बदलण्याचा दिवस शुक्रवार धरू नये. रमजानमध्ये दिवसा उघड्यावर खाणे-पिणे टाळावे आणि जेवणाची सोय गेस्ट हाउसच्या मालकाशी आधीच बोलून ठेवावी.

राजधानी मालेसाठी अर्धा दिवस तरी राखावा, आणि तोही मुख्यतः हुकुरू मिस्कीसाठी. सुलतान इब्राहिम इस्कंदर पहिला याने 1658 मध्ये बांधलेल्या या मशिदीच्या भिंती प्रवाळाच्या दगडाच्या असून त्यांवरील कोरीव काम सावकाश पाहण्याजोगे आहे. जुन्या मंदिराच्या पायावर ती उभारली गेल्याचे सांगतात. इमारतीचे तोंड मक्केकडे नसल्याने आत नमाज पढणारे भिंतीला समोर न धरता तिरके, कोपऱ्याकडे तोंड करून उभे राहतात. आवारातील थडग्यांचे दगडही नीट पाहावेत: टोकदार माथ्याचे पुरुषांचे, गोलाकार माथ्याचे स्त्रियांचे. समोरच मेधु झियारत आहे. 1153 च्या सुमारास येथील बौद्ध राजाला इस्लामकडे वळवणारे म्हणून परंपरा ज्यांचे नाव घेते, त्या अबुल बरकात यांची ही कबर.

मशिदीच्या आत जाण्यासाठी बिगर-मुस्लिमांना अधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती न मिळाल्यास 1984 मध्ये उघडलेल्या इस्लामिक सेंटरची सोनेरी घुमटाची मशीद नमाजाच्या वेळा सोडून पाहता येते; हातपाय झाकणारे कपडे मात्र आवश्यक आहेत, आणि स्त्रियांनी डोक्यावर घेण्यासाठी ओढणी जवळ ठेवावी.