वीस जणांना पिझ्झा किती मागवायचा?

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत गणपतीच्या सजावटीला रात्री सगळे जमले की पिझ्झा ठरलेला, आणि ऑर्डर माझ्याकडे. 'माणशी अर्धा' या अंदाजाने कधी कमी पडायचा, कधी उरायचा. आता मी तुकडे मोजते. मोठ्यांना तीन, मुलांना दोन. बारा मोठे, आठ मुलं: 36 आणि 16, म्हणजे 52 तुकडे. 12 इंची पिझ्झाचे आठ तुकडे धरले तर सात पिझ्झे पुरतात.

खरी गोम आकारात आहे. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. 12 इंची पिझ्झा साधारण 113 चौरस इंच भरतो, 8 इंची जेमतेम 50. दोन छोटे मिळूनही एका मोठ्याची बरोबरी होत नाही! त्यामुळे 'एकावर एक फुकट' दिसलं तरी आधी किती इंची ते विचारा. 10 इंचीचेही बऱ्याचदा आठच तुकडे करतात, पण तो 78 चौरस इंचांचा. तिथे माणशी एक तुकडा जास्त धरा.

शिवाय चातुर्मास. शेजारच्या आजींना कांदा-लसूण चालत नाही, म्हणून एक पिझ्झा नुसता चीज-मक्याचा सांगते. सॉसमध्ये लसूण असतो का, हे फोनवरच विचारून घेते. तो खोका आल्या आल्या बाजूला काढून ठेवायचा, नाहीतर पोरं नेमका तोच आधी उघडतात.