डिटेक्टर वाजला, पण खणायचं का? सिग्नल ओळखताना या चुका टाळा

जुन्या वस्तीजवळच्या नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर, म्हणजे जमिनीतला धातू शोधणारं यंत्र, सकाळभर वाजत राहतो. प्रत्येक आवाजाला खणलं तर दुपारपर्यंत एक छोटा पट्टाच होतो, आणि फक्त ‘चांगले’ आवाज खणायचे ठरवलं तर नेमक्या मोलाच्या वस्तू मातीत राहतात. इंग्लंडमध्ये राहून हा छंद नव्याने धरलेल्यांचे बहुतेक घोळ या निवडीत होतात. पुढचं सगळं तिथली शेतजमीन आणि नेहमीची व्हीएलएफ (अतिशय कमी फ्रीक्वेन्सीवर चालणारी) यंत्रं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

आकडा म्हणजे धातूचं नाव, असं समजणं

स्क्रीनवरचा टार्गेट आयडी, म्हणजे प्रत्येक सिग्नलला यंत्र देतं तो आकडा, धातू ओळखत नाही. कॉइलच्या (दांड्याच्या टोकाच्या, जमिनीवरून फिरवायच्या चकतीच्या) लहरीला वस्तूकडून येणारा प्रतिसाद किती मागे पडतो, त्यावरून तो आकडा निघतो. त्यात धातूच्या वाहकतेइतकाच वस्तूचा आकार आणि जाडी यांचाही हात असतो. म्हणून शीतपेयाच्या कॅनची अ‍ॅल्युमिनियमची कडी आणि सोन्याची अंगठी एकाच आकड्यावर येऊ शकतात. पातळ सोन्याचा छोटा तुकडा तर थेट फॉइलच्या आकड्यांच्या पट्ट्यात जातो. 2009 मध्ये स्टॅफर्डशरमध्ये सापडलेल्या अँग्लो-सॅक्सन ठेव्यात सुमारे 4,600 नग आणि तुकडे होते, त्यांतले कितीतरी बारीक आणि पातळ. डिस्क्रिमिनेशन (ठरावीक आकड्यांचे आवाज बंद करायची सोय) वाढवून फॉइल आणि कड्या बंद करणारा माणूस असं सोनंही बंद करतो. आमचं मत स्पष्ट आहे: शेतात फक्त लोखंडाचा खालचा पट्टा गप्प करा, तोही शक्य तितका कमी. मधले आकडे उघडेच ठेवा. कड्यांनी खिसा भरेल, त्याला इलाज नाही.

चांदीबद्दलही गैरसमज आहे. वरचा आकडा जाडजूड नाण्याला मिळतो. मध्ययुगीन चांदीची पेनी जेमतेम 18 मिलिमीटरची, 1.4 ग्रॅमच्या आसपास आणि पातळ असल्यामुळे ती बऱ्याचदा मधल्या पट्ट्यात बोलते. 1279 नंतर गोल फार्दिंग (पाव पेनीचं नाणं) रुळेपर्यंत सुट्या पैशांसाठी पेनी कापून अर्धी किंवा पाव करत. तो पाव तुकडा आणखी खाली घसरतो.

दुसऱ्याच्या यंत्राचे आकडेही आपल्या यंत्राला लावू नका. मिनलॅब इक्विनॉक्स 800 वर वरची मर्यादा 40 आहे, कित्येक यंत्रांवर ती 99 असते. आपला तक्ता आपणच करावा. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर कॉइल ठेवा, 10 सेंटिमीटरवरून एकेक वस्तू फिरवा आणि आकडे लिहून घ्या: कॅनची कडी, फॉइल, शिशाचा तुकडा, सोन्याची अंगठी, चांदीचं जोडवं, गंजका खिळा. त्यात दोन पेन्सची दोन नाणीही घ्या, एक 1980 च्या दशकातलं आणि एक अलीकडचं. सप्टेंबर 1992 पासून ही नाणी तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची झाली, त्यामुळे नव्याला चुंबक चिकटतो, जुन्याला नाही. दोघांचा आवाज लागोपाठ ऐका. लोखंड मिसळलं की आवाज कसा फाटतो ते कानाला तिथेच कळतं.

एका झोक्यावर निकाल देणं

सगळ्यात जास्त खड्डे यामुळे वाया जातात. गंजका खिळा मधूनच उंच, गोड आवाज देतो आणि आकडाही चांदीचा दाखवतो. आवाज आला की कॉइल मातीला समांतर ठेवून 20-30 सेंटिमीटरचे आखूड झोके द्या. मग त्या जागेभोवती 90 अंश फिरून तसेच झोके द्या. दोन्ही दिशांना आवाज त्याच जागी आणि आकडा दोन-तीनच्या फरकात असेल तर खणा.

आता अडचणीचा भाग. एका दिशेने गोड आवाज आणि दुसरीकडून गुरगुर, हे खिळ्याचं लक्षण आहे, तसंच खिळ्याशेजारी पडलेल्या नाण्याचंही. इथे आवाजाची जागा बघा. गोड आवाजाची जागा पायाने खुणा, फिरून पुन्हा झोका द्या. फिरताना गोड आवाज सरकत गेला, किंवा यंत्राच्या पिनपॉइंट मोडने (नेमकी जागा दाखवणाऱ्या सोयीने) दाखवलेला मध्यबिंदू त्याच्यापासून चार बोटं बाजूला आला, तर बहुधा खिळाच. आवाज एकाच दिशेने येतोय, पण दर वेळी नेमका त्याच ठिकाणी, तर खणा. जुन्या घरांच्या जागी, जिथे खिळ्यांचा सडा असतो, तिथे 15 सेंटिमीटरची छोटी कॉइल लावा आणि झोका निम्म्याने हळू करा. मोठ्या कॉइलखाली खिळा आणि नाणं एकाच वेळी येतात आणि खिळा नाण्याला झाकून टाकतो.

लोखंडी वॉशर, साखळीची कडी आणि नाल मात्र या परीक्षेतही पास होतात, कारण त्यांच्या चकतीसारख्या किंवा वळलेल्या आकारात प्रवाह नीट फिरतो. ते खणूनच कळतं.

मोठा आवाज खणणं, बारीक सोडणं

कानठळ्या बसवणारा आवाज बहुतेक वेळा वरवरच्या कॅनचा असतो. कॉइल 20 सेंटिमीटर उचला. आवाज तितकाच दणदणीत राहिला तर वस्तू मोठी आहे. तरी ती डोळे झाकून सोडू नका, कांस्ययुगातल्या कुऱ्हाडींचा साठाही असाच बोलतो.

उलट, बारीक, आखूड, पण दर झोक्याला येणारा आवाज खोलवरच्या नाण्याचा असू शकतो. खोलीवर आकडा डळमळतो, कधी लोखंडाच्या पट्ट्यात डोकावतो, म्हणून इथे आकड्यापेक्षा कानावर विसंबा. वरची पाच सेंटिमीटर माती बाजूला करून पुन्हा झोका द्या. आवाज स्वच्छ होत गेला तर पुढे खणा, विस्कटत गेला तर लोखंड.

मातीचा आणि विजेचा आवाज टार्गेट समजणं

कॉइल हवेत स्थिर धरूनही बडबड चालू असेल तर ती वरच्या वीजवाहिनीची किंवा जवळच्या दुसऱ्या डिटेक्टरची आहे. फ्रीक्वेन्सी बदला, मग सेन्सिटिव्हिटी (यंत्राची संवेदनशीलता) उतरवा. कॉइल खालीवर केल्यावर आवाज येत असेल तर धातू नसलेल्या स्वच्छ जागी ग्राउंड बॅलन्स, म्हणजे यंत्र तिथल्या मातीशी जुळवून घेणं, पुन्हा करा.

खणल्यावर सिग्नल गायब झाला तर

आधी मातीच्या ढिगावर कॉइल फिरवा, मग खड्ड्यावर. ढिगात वाजत असेल तर ढेकळं एकेक करून पिनपॉइंटरपाशी (हातात धरायच्या छोट्या डिटेक्टरपाशी) न्या, पातळ नाणं चिखलात अदृश्य असतं. दोन्हीकडे शांतता असेल तर दोन शक्यता आहेत. गंजलेल्या लोखंडाभोवतीची माती हलली आणि आवाज विरला, किंवा नाणं कडेवर उभं राहिलं. ढीग हाताने पसरून पुन्हा तपासा. खिळा निघाला म्हणून खड्डा लगेच बुजवू नका, त्यावरून पुन्हा एक झोका द्या.

कुठे खणूच नये

नांगराचा फाळ साधारण 25-30 सेंटिमीटर जातो. सिग्नल त्याखाली असेल, किंवा एकाच खड्ड्यातून नाण्यांमागून नाणी निघू लागली, तर हात थांबवा आणि त्या भागाच्या फाइंड्स लायझन ऑफिसरला (सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवा. वस्तू कशाबरोबर आणि कशी पुरलेली होती, ही माहिती एकदा उपसली की परत मिळत नाही. तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता दूर व्हा आणि 999 ला फोन करा. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवान्याशिवाय डिटेक्टर चालवणं हाच 1979 च्या कायद्याने गुन्हा आहे. इतरत्र जमीनमालकाची परवानगी लेखी घ्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1996 च्या, पुरातन खजिन्याबद्दलच्या ट्रेझर अ‍ॅक्टखाली येणारी वस्तू 14 दिवसांत कळवावी लागते. एकटं नाणं सोडून, 300 वर्षांहून जुनी आणि वजनात किमान 10 टक्के सोनं-चांदी असलेली वस्तू त्यात येते. जुलै 2023 पासून 200 वर्षांहून जुन्या, विशेष महत्त्वाच्या धातूच्या वस्तूंनाही तो लागू आहे.

सुट्टीत यंत्र गावी आणायचा विचार असेल तर 1878 चा भारतीय निखात निधी कायदा आधी वाचा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे, मग ती घरच्या वावरात का सापडेना.