लिनक्सवर मोडेम लागत नसेल तेव्हा : बिघाड शोधण्याची रीत

लिनक्सवर डायल-अप जोडणी (टेलिफोन लाइनीवरून, मोडेम या यंत्रामार्फत मिळणारे इंटरनेट) जमत नाही अशी तक्रार घेऊन कोणी आले की मी आधी एकच विचारतो : गाडी नेमकी कुठवर जाऊन अडते? संगणक मोडेमशी बोलतो, मोडेम टेलिफोन एक्स्चेंजशी बोलतो, पलीकडचा मोडेम उचलतो आणि मग सेवादात्याचा संगणक नाव व पासवर्ड विचारतो. या साखळीतील मागची कडी पक्की झाल्याशिवाय पुढच्या कडीला हात लावू नये. बहुतेकांचा वेळ वाया जातो तो मोडेमच मुका असताना पासवर्डची फाइल दुरुस्त करत बसल्यामुळे.

पुढे आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकावीत. मोडेमला द्यायच्या ‘एटी’ने सुरू होणाऱ्या आज्ञा मात्र मोठ्या अक्षरांत द्याव्यात.

सर्वप्रथम मोडेम कोणत्या जातीचा आहे ते ठरवावे. सीरियल पोर्टला जोडायचा, स्वतंत्र अॅडॅप्टर आणि पुढे दिव्यांची रांग असलेला बाहेरचा मोडेम असेल, तर त्याला ड्रायव्हर असा लागतच नाही, कारण कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, दृष्टीने तो फक्त सीरियल पोर्टवर बसलेला पाहुणा असतो. पहिला पोर्ट म्हणजे टीटीवायएस०, दुसरा टीटीवायएस१. यूएसबी मोडेम चांगला असेल तर तो टीटीवायएसीएम० या नावाने दिसतो. या नावांत टीटीवाय लहान अक्षरांत, पण पुढचे एस किंवा एसीएम मोठ्या अक्षरांत असते. जोडल्याबरोबर डीमेसेज (dmesg) या, कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या, आज्ञेच्या शेवटच्या ओळी पाहिल्या की ते नाव मिळते. खरा घोळ आहे तो संगणकाच्या आत बसणाऱ्या स्वस्त कार्डांचा. त्यांना विनमोडेम म्हणतात, कारण खऱ्या मोडेममध्ये जे काम चिप करते, ते या कार्डांत संगणकाच्या प्रोसेसरकडून सॉफ्टवेअरद्वारे करून घेतले जाते, आणि ते सॉफ्टवेअर कंपन्यांनी मुख्यतः विंडोजसाठीच लिहिले.

एका परिचितांच्या घरी मी असेच एक कार्ड दोन रात्री हाताळले. पीपीपीच्या (फोन लाइनीवरून इंटरनेट चालवणाऱ्या नियमावलीच्या) फाइलींत मी एकेक पर्याय बदलत होतो, प्रत्येक वेळी पोर्ट गप्पच राहत होता. तिसऱ्या दिवशी एलएसपीसीआय ही, आतील कार्डांची यादी देणारी, आज्ञा चालवली, चिपचे नाव वाचले आणि कळले की त्या पोर्टच्या पलीकडे बोलणारे कोणी नव्हतेच. जी आज्ञा पहिल्या मिनिटाला द्यायची, ती मी शेवटी दिली होती.

चिपचे नाव कळले की मार्ग ठरतो. स्कॅनमोडेम ही स्क्रिप्ट कार्ड ओळखून कोणता ड्रायव्हर लागेल ते सांगते. स्मार्ट लिंक चिपसाठी एसएलमोडेमडी, ल्यूसेंट चिपसाठी एलटीमोडेम आणि कोनेक्झंट चिपसाठी लिनक्संट कंपनीचा ड्रायव्हर, ही त्यांतील परिचित नावे. लिनक्संटची मोफत आवृत्ती १४.४ केबीपीएसवर अडवलेली असे. पूर्ण वेगासाठी परवाना विकत घ्यावा लागे. असा ड्रायव्हर ज्या कर्नलसाठी बांधला, त्याच कर्नलवर चालतो. म्हणून ‘काल चालत होते, आज चालत नाही’ असे झाले तर मधल्या काळात कर्नल अद्ययावत झाले का ते युनेम -आर या आज्ञेने तपासावे, आणि तसे असेल तर जुन्या कर्नलने संगणक सुरू करून पाहावा. माझे स्पष्ट मत असे, की आजच्या कर्नलवर हे जुने ड्रायव्हर बसवण्यात आठवडा घालवण्यापेक्षा बाहेरचा सीरियल मोडेम मिळवणे शहाणपणाचे आहे.

आता मोडेमशी प्रत्यक्ष बोलावे. मिनिकॉम हा, पोर्टशी थेट बोलू देणारा, प्रोग्राम उघडून योग्य पोर्ट निवडावा, वेग ११५२०० ठेवावा, एटी टंकून एंटर दाबावे. ओके आले म्हणजे पहिली कडी पक्की. टंकलेले अक्षर दिसत नाही पण ओके येते, असे झाले तर फक्त प्रतिध्वनी बंद आहे. एटीई१ दिले की पुरे. परवानगी नाकारली असा संदेश आला, तर डेबियन व उबंटूत आपले खाते डायलआउट या गटात घालावे आणि लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करावे, कारण चालू सत्राला नवा गट लागू होत नाही. पोर्ट व्यस्त आहे असे दिसले, तर मोडेममॅनेजर ही सेवा तो धरून बसली आहे का ते पाहावे व ती तात्पुरती थांबवावी. पोर्ट उघडतो पण उत्तरच येत नाही, तेव्हा सेटसीरियल -जी ने पोर्टची माहिती घ्यावी. यूएआरटी (सीरियल पोर्ट चालवणारी चिप) अज्ञात असे दिसले, तर त्या पत्त्यावर यंत्रच नाही.

ओके मिळाल्यावर आधी एटीएम१ देऊन मोडेमचा स्पीकर चालू ठेवावा, आणि मग एटीडीटी व त्यापुढे क्रमांक देऊन डायल करावे. इथे कान हे सर्वांत चांगले उपकरण आहे. डायल टोन कानाला ऐकू येतो आणि तरीही मोडेम ‘नो डायलटोन’ म्हणतो, असे आपल्याकडे पुष्कळदा घडते. अमेरिकेतील डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झ या दोन स्वरांचा असतो, तर भारतातील टोन ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झने थरथरणारा असतो. परदेशी मांडणीच्या मोडेमला तो ओळखूच येत नाही. अशा वेळी डायल करण्याआधी एटीएक्स३ द्यावे, म्हणजे मोडेम टोनची वाट न पाहता क्रमांक फिरवतो. ‘नो कॅरिअर’ (पलीकडच्या मोडेमचा वाहक स्वर नाही) आले तर मात्र पलीकडे कोणी उचलले का, उचलून किंचाळ्यांची देवाणघेवाण झाली का, की मध्येच तुटले, हे ऐकून ठरवावे.

जोडणी झाल्यावर पडद्यावर ~}# अशा खुणांची गिचमीड दिसू लागली, तर घाबरू नये. पलीकडचा संगणक पीपीपीत बोलू लागला आहे, याची ती खूण आहे. लाइन उत्तम आहे आणि आता काम पीपीपीडीचे, म्हणजे पीपीपी चालवणाऱ्या प्रोग्रामचे, आहे. डब्ल्यूव्हीडायल हा डायल करणारा प्रोग्राम वापरत असाल तर अशा सेवेसाठी त्याच्या फाइलीत स्टुपिड मोड हा पर्याय चालू करावा, आणि मोडेम सॉफ्टवेअरवर चालणारा असेल तर कॅरिअर चेक बंद ठेवावा.

पीपीपीडी मध्येच थांबला तर त्याचा निर्गम-अंक (थांबताना तो देतो तो अंक) पाहावा, आणि डीबग पर्याय लावून नोंदी वाचाव्यात. ७ म्हणजे पोर्ट उघडला नाही, ८ म्हणजे डायल करणारी स्क्रिप्ट फसली, १० म्हणजे पीपीपीची बोलणी फिसकटली, १६ म्हणजे मोडेमने फोन ठेवला आणि १९ म्हणजे सेवादात्याने आपले नाव व पासवर्ड नाकारले. १९ आला तर पीएपी व सीएचएपी या ओळख पटवण्याच्या दोन पद्धतींच्या सीक्रेट्स फाइलींत तेच नाव व पासवर्ड आहे का ते तपासावे. पलीकडच्याने आपली ओळख पटवावी अशी मागणी आपलाच संगणक करत असल्याचे नोंदीत दिसले, तर नोऑथ हा पर्याय घालावा.

जोडणी टिकते पण पान उघडत नाही, ही शेवटची पायरी. आधी ८.८.८.८ ला पिंग करावे. उत्तर आले पण नावाने काही सापडत नाही, तर यूजपीअरडीएनएस हा, नावे शोधणाऱ्या संगणकाचा पत्ता सेवादात्याकडून घेणारा, पर्याय राहून गेला आहे. अंकालाही उत्तर नसेल, तर आयपी राउट पाहावे : नेटवर्क कार्डाचा जुना डीफॉल्ट मार्ग तिथे बसलेला असला की पीपीपीडी तो आपणहून बदलत नाही, आणि सगळी पाकिटे न जोडलेल्या तारेकडे जातात. तो मार्ग काढून पुन्हा डायल करावे.

चालू जोडणी दर काही मिनिटांनी तुटत असेल, तर समांतर जोडलेले फोन काढून मोडेमची तार थेट भिंतीतील सॉकेटला लावावी. कॉल वेटिंगच्या आवाजाने तुटत असेल, तर ती सुविधा बंद करून घ्यावी, किंवा एटीएस१०=५० देऊन वाहक स्वर गेल्यावर मोडेमने पाच सेकंद तग धरावा असे सांगावे. लाइन फायबरवरून येणारी, म्हणजे आवाजाची पाकिटे करून नेणारी असेल, तर ५६ केची अपेक्षा सोडून एटी+एमएस=व्ही३४ ने मोडेमला ३३.६ केबीपीएसच्या आत बांधावे. तेवढ्यानेही तुटणे थांबले नाही, तर त्याच आज्ञेने व्ही३२बी देऊन १४.४ वर यावे.