रीफ टँकचं पाणी किती डिग्रीला ठेवायचं? पुण्या-मुंबईच्या घरात आकडा कसा ठरवावा

रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि समुद्री मासे ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, लावायचा म्हटलं की पहिला प्रश्न हाच, टेम्परेचर किती ठेवू, 24 की 26 की 28, आणि दहा जणांना विचारलं तर दहा उत्तरं. मी माझ्या अनुभवावरून सांगतो, 25 ते 27 च्या मधला असा आकडा धरा जो तुमचं घर मे महिन्यातही सांभाळेल आणि डिसेंबरातही. कंट्रोलरवर (पाण्याचं टेम्परेचर बघून हीटर-पंखा चालू-बंद करणारं यंत्र) 25 लावायचं आणि पाणी रोज 25 वरून 29 वर जाऊन परत यायचं, त्यापेक्षा 26.5 वर स्थिर बसलेला टँक शंभर पटीने बरा. दिवसभराचा चढउतार एका डिग्रीच्या आत राहिला पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर.

आधी थर्मामीटर तपासा. काचेवर बाहेरून चिकटवायची पट्टी खोलीची हवाही धरते, तिच्यावर विसंबू नका. ग्लासात बर्फाचा चुरा गच्च भरा, थोडंसं पाणी घाला, ढवळा आणि प्रोब (थर्मामीटरचं पाण्यात बुडवायचं टोक) पाच मिनिटं मधोमध धरा, शून्य दाखवायला हवं. मग कोमट पाण्यात घरातला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर आणि हा प्रोब एकत्र बुडवा, पाणी साधारण 37 च्या आसपास असू दे, कारण तो थर्मामीटर त्याच टप्प्यात अचूक असतो. फरक आला तर तो आकडा चिकटपट्टीवर लिहून टँकलाच लावून टाका. माझा एक प्रोब 0.8 कमी दाखवायचा, म्हणजे मी 26 समजत होतो तेव्हा पाणी जवळजवळ 27 होतं.

दुसरं काम म्हणजे नोंद. टँकमध्ये जीव सोडायच्या आधी, सायकलिंग (टँकमध्ये घाण पचवणारे जीवाणू वाढेपर्यंतचे पहिले आठवडे) चालू असतानाच, सात दिवस तीन वेळा वहीत लिहा: सकाळी टँकचा लाईट लागायच्या आधी, दुपारी चारला, आणि रात्री लाईट बंद होताना. पंप, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), लाईट सगळं रोजच्यासारखं चालू ठेवा, कारण पाण्यात बुडालेला पंपही पाणी तापवतो. सर्वात वरचा आकडा 28.5 च्या आत असेल तर बहुतेक पंख्यावर भागतं, 30-31 येत असेल तर आधी टँक पश्चिमेच्या खिडकीपासून हलवा आणि परत मोजा, तरीही तेवढंच आलं तर चिलरशिवाय (पाणी थंड करणारं यंत्र) पर्याय नाही, उगाच मन मारून पैसे वाचवायला जाऊ नका.

"समुद्र तर 29 असतो की" असं खूप जण म्हणतात. असतो, पण समुद्रात पाणी अथांग आहे, लाटा आहेत, आपल्याकडे दोनशे लिटर आहे. 25 डिग्रीच्या खाऱ्या पाण्यात लिटरमागे साधारण 6.8 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 ला 6.2 च्या आसपास, आणि नेमकं त्याच वेळी माशांना जास्त लागतो. शिवाय समुद्रातल्या कोरलांनाही त्यांच्या नेहमीच्या सर्वात गरम महिन्याच्या सरासरीपेक्षा एक डिग्री जास्त पाणी काही आठवडे राहिलं की झेपत नाही, पेशींमध्ये राहून त्यांना अन्न देणारं शेवाळ बाहेर पडतं आणि ते पांढरेफटक होतात. लक्षद्वीपला 1998, 2010 आणि 2016 मध्ये हेच झालं. त्यामुळे 26 वर ठेवण्याचा खरा फायदा असा की लाईट गेली तर हातात दोन-तीन डिग्रीचा वेळ असतो, 28 वर ठेवलात तर काहीच नसतो.

आता थंड कसं करायचं. पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका मारा, संपवर (टँकखालची फिल्टरची टाकी) मारला तरी चालतो. एक लिटर पाणी उडून गेलं तर शंभर लिटरमधून साधारण पावणेसहा डिग्रीएवढी उष्णता घेऊन जातं (खोलीतून काही परत येतेच), म्हणून पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये पंखा खूप काम करतो, मुंबईच्या दमट हवेत कमी, आणि जुलैत तर दोन्हीकडे फारसा नाही. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं, त्यामुळे टॉप-अप (उडालेलं पाणी भरून काढणं) आरओच्या पाण्यानेच करा आणि सॅलिनिटी (खारेपणा, हजार भागांत मिठाचे भाग) 35 च्या आसपास आहे का ते रोज बघा. चिलर घेतलात तर तो कपाटात कोंडू नका, त्याची गरम हवा बाहेर गेली नाही तर तो स्वतःच खोली तापवतो.

आमच्याकडे एका मे महिन्यात दुपारी बाराला लाईट गेली ती पाचला आली. पाणी 29.8. टोडस्टूल लेदरचे (छत्रीसारखं मऊ कोरल) सगळे पॉलिप, म्हणजे वरची बारीक फुलांसारखी तोंडं, आत गेलेले, टोपी चामड्यासारखी आखडलेली, आणि क्लाउन मासा पृष्ठभागाशी गिल जोरजोरात हलवत होता, माझा जीव टांगणीला लागला होता. सेलवरचा एअर पंप आणि उघडं झाकण यानेच मासे तरले असं मला वाटतं. एक लिटर बर्फाची बाटली दोनशे लिटरला जेमतेम अर्धा डिग्री उतरवते, म्हणून एकेकच बंद बाटली, अर्ध्या तासाने पुढची, एकदम चार नाही. टोडस्टूलने वरची मेणचट साल टाकली आणि नवव्या दिवशी फुलला.

थंडीसाठी एक मोठा हीटर न घेता दोन छोटे घ्या, एकूण वॅट साधारण लिटरइतके. एक चालू स्थितीत अडकला तरी टँक उकळत नाही.

कंट्रोलरवर मात्र सगळ्यांना एकच आकडा देऊ नका. हीटर 25.3 ला चालू, पंखा 26.3 ला, चिलर 27 ला, असं मध्ये अंतर ठेवा, नाहीतर हीटर आणि पंखा एकमेकांशी भांडत बसतात. माशाची पिशवी आणि वॉटर चेंजचं पाणीही टँकच्याच टेम्परेचरला आणा. आणि मालवणच्या किनाऱ्यावरून कोरल उचलून आणायचं मनातही आणू नका, दगडी कोरलांना 2001 पासून वन्यजीव कायद्याचं वाघाइतकंच संरक्षण आहे.

शेवटी एक चाचणी, मार्चमधल्या एखाद्या रविवारी, घरी असताना. दुपारी दोन तास पंखा-चिलर बंद ठेवा, रिटर्न पंप (संपमधलं पाणी परत टँकमध्ये चढवणारा) चालूच असू दे, आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहा. तासाला किती चढतं ते कळलं की 28 गाठायला किती वेळ आहे ते कळतं, त्यावरून इन्व्हर्टर लागतो की फ्रीझरमध्ये चार बाटल्या पुरतात ते ठरवा.