बोकडाच्या भेज्यातून कॅल्मोड्युलिनला चिकटणारी एन्झाइम्स वेगळी कशी काढायची

चेतापेशीत कॅल्शियम वाढलं की कॅल्मोड्युलिन हे 148 अमिनो आम्लांचं छोटंसं प्रोटीन चार कॅल्शियम आयन धरतं, आकार बदलतं आणि एन्झाइमला जाऊन बिलगतं. कॅम-कायनेज-2 या एन्झाइममध्ये त्याचाच एक पट्टा सक्रिय जागेवर झाकणासारखा बसलेला असतो. कॅल्मोड्युलिन तो उचलून धरतं आणि काम सुरू होतं. कॅल्शियम काढून घेतलं की पकड सुटते. पुढचा सगळा प्रयोग याच गोष्टीवर चालतो.

भेजा ताजाच हवा. नाशिक रोड असो की देवळाली कॅम्प, मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, सकाळी लवकर जा आणि भेजा पिशवीत घालून थेट बर्फात दाबा. रक्तपुरवठा थांबला की कॅम-कायनेज-2 गोळा होऊन चेतासंधीच्या अविद्राव्य भागात अडकू लागतं. मग ते गाळात जातं आणि वरच्या द्रावणाचा जेलवरचा बँड (प्रोटीनची पट्टी) फिका दिसतो. दोष ते प्रोटीन ओळखणाऱ्या अँटिबॉडीचा नसतो, उशिराचा असतो.

बफर: ट्रिस 50 मिलिमोलर, मीठ 150 मिलिमोलर, ईजीटीए (कॅल्शियम धरून ठेवणारं रसायन) 1 मिलिमोलर, ट्रायटन (साबणासारखा पदार्थ) 1 टक्का. पाणी डिस्टिल्डच घ्या, बोअरचं पाणी स्वतःचं कॅल्शियम घेऊन येतं. पीएच 7.5 ठेवायचा, पण 4 अंशांवर मोजून. ट्रिसचा पीएच दर अंशामागे सुमारे 0.028 ने सरकतो. मे महिन्यात दुपारी 35 अंशांच्या खोलीत 7.5 केलेला बफर थंड झाल्यावर 8.4 च्या आसपास पोचलेला असतो. पीएमएसएफ (प्रोटीन तोडणाऱ्या प्रोटीएज एन्झाइम्सना रोखणारं रसायन) 1 मिलिमोलर, तेही भेजा वाटायच्या क्षणी. पाण्यात ते तासाभरात निम्मं उरतं. विषारी आहे, हातमोजे घाला. प्रोटीएज रोधकाची गोळी वापरत असाल तर ईडीटीए नसलेलीच, कारण तेही कॅल्शियम धरतं. फॉस्फेट बफर अजिबात नको, कॅल्शियमबरोबर त्याचा पांढरा साका बसतो.

कॉर्टेक्स 1 ग्रॅम, बफर 10 मिली. बर्फात ठेवून काचेच्या होमोजिनायझरने वाटा, सेंट्रिफ्यूजमध्ये 15,000 जी (गुरुत्वाकर्षणाच्या पट) वर 20 मिनिटं फिरवा, वरचं द्रावण घ्या. त्याचे दोन समान भाग करा. एकात कॅल्शियम क्लोराइड 3 मिलिमोलर (1 ईजीटीए गिळतं, 2 मोकळं राहतं), दुसऱ्यात आणखी 4 मिलिमोलर ईजीटीए. हा दुसरा भाग टाळू नका. तो नसेल तर बँड कॅल्शियममुळे आला की नुसताच चिकटला, हे सांगताच येत नाही.

प्रत्येक भागातून 500 मायक्रोलिटर घेऊन त्यात 50 मायक्रोलिटर कॅल्मोड्युलिन-सेफरोज बीड्स (कॅल्मोड्युलिन जोडलेले बारीक दाणे) घाला, 4 अंशांवर दोन तास फिरवत ठेवा. धुणं तीनदा, 1 मिलीने. पहिल्या (कॅल्शियमवाल्या) नळीच्या धुण्याच्या बफरमध्ये ईजीटीए नको, 2 मिलिमोलर कॅल्शियम हवंच; ते विसरलात तर एन्झाइम धुण्यातच वाहून जातं. शेवटी एन्झाइम बीड्सवरून सोडवायला 5 मिलिमोलर ईजीटीए, 100 मायक्रोलिटर, 10 मिनिटं; हेच द्रावण जेलवर लावायचं.

भेज्यात मुळातच कॅल्मोड्युलिन भरपूर असतं आणि ते बीड्सशी स्पर्धा करतं. बँड फिका आला तर बीड्स दुप्पट करून पाहा.

10 टक्के जेलवर कॅम-कायनेज-2 चा अल्फा 50 किलोडाल्टनला दिसतो. बीटा 60 च्या जवळ, पण कॅल्सिन्युरिन या कॅल्मोड्युलिनला चिकटणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमचा मोठा भागही तिथंच येतो. जेलला लावलेल्या नुसत्या निळ्या रंगावरून नाव देऊ नका, अँटिबॉडी लावा.

उरलेले बीड्स फ्रीजमध्ये 4 अंशांवर ठेवा. फ्रीझरमध्ये गोठले की दाणे फुटतात.