जुन्या डायकास्ट गाड्यांची चाके कशी मोजावीत

माळ्यावरच्या ट्रंकेतून निघालेली, साच्यात धातू ओतून घडवलेली (डायकास्ट) छोटी खेळण्यातली गाडी कोणत्या काळातली असावी, याचा अंदाज बहुतेक लोक रंगावरून बांधतात. परंतु रंग खरवडला जातो, नव्याने दिलाही जातो, आणि एकच साचा कारखान्यात वर्षानुवर्षे चालू राहतो; त्या अवधीत बदलत गेलेली असतात ती चाके. त्यामुळे बडोद्यात दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या जुन्या घरांतून अशा गाड्या मिळवणाऱ्याने प्रथम चाकाचा व्यास, त्याची रुंदी आणि आसाचे, म्हणजे चाके जोडणाऱ्या दांडीचे, टोक या तीन गोष्टी नोंदवाव्यात.

मोजण्यासाठी व्हर्निअर कॅलिपर, म्हणजे दोन जबड्यांत वस्तू धरून बारीक माप घेण्याचे साधन, लागतो. मकरपुऱ्याच्या कारखान्यांत काम करणारा कुणी ओळखीचा असेल, तर तो विकत घ्यावा लागणार नाही. जबडे चाकाला नुसते टेकवावेत, आवळू नयेत. फरशीवर चालवलेल्या गाडीचे चाक एका बाजूने झिजलेले असू शकते, म्हणून प्रत्येक चाकाचा व्यास एकमेकांशी काटकोनात असलेल्या दोन दिशांनी घ्यावा आणि मोठे माप 0.1 मिलिमीटरपर्यंत लिहावे. रबरी टायर कडक झाला असेल, तर तो काढण्याचा मोह टाळावा, कारण तो हमखास तुटतो. टायरखालच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) दिसणारी कड मोजली तरी पुरते.

मॅचबॉक्स या इंग्रजी खेळणी-गाड्यांच्या बाबतीत या मोजणीचा खरा उपयोग होतो. लेस्नी कंपनीने 1953 मध्ये सुरू केलेल्या या मालिकेत आरंभी धातूची चाके होती, पुढे राखाडी प्लॅस्टिकची आली, मग काही गाड्यांना चंदेरी, आणि त्यानंतर काळी चाके रूढ झाली. जुन्या आसाची टोके दाबून चपटी केलेली असत, नंतरची घुमटासारखी गोल झाली. त्यामुळे एकाच साच्याच्या राखाडी चाकांच्या दोन गाड्या समोर असतील, तर चपट्या टोकांची गाडी सामान्यतः आधीची मानावी. काळ्या चाकांवरच्या खाचा कधी बारीक आणि दाट, कधी जाड आणि विरळ असतात, म्हणून त्या भिंगाखाली मोजून व्यासाशेजारीच लिहिणे श्रेयस्कर. मॅटेल या अमेरिकन कंपनीच्या 1968 मधील हॉट व्हील्स गाड्यांना उत्तर म्हणून लेस्नीने 1969 मध्ये बारीक आसाची ‘सुपरफास्ट’ चाके आणली. ती आधी अरुंद होती आणि काही गाड्यांना नंतर रुंद चाके बसवली गेली. त्यासाठी चाकांवरच्या कमानीही मोठ्या केल्या गेल्या. अरुंद कमानीखाली रुंद चाक घासत असेल, तर ते कुणीतरी मागाहून बसवले असावे, असा संशय घेणे रास्त ठरते.

हॉट व्हील्सच्या अनेक गाड्यांत मागची चाके पुढच्यांपेक्षा मोठी असणे ही रचनाच आहे. तिथे पुढचे-मागचे माप ताडण्यापेक्षा डावे-उजवे ताडावे. चाकावरची लाल रेघ 1977 च्या सुमारास बंद झाली, एवढे ध्यानात ठेवले तरी काळाची एक मर्यादा हाती येते.

इंग्लंडच्या डिंकी या खेळण्यांच्या दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गाड्यांचे हब सपाट आणि आस बारीक असतात, तर युद्धोत्तर गाड्यांच्या हबवर उठावदार कडा आणि आस जाड असतो. युद्धपूर्व चाकांच्या मापावर मात्र विसंबू नये: जस्ताच्या मिश्रधातूत शिसे मिसळले गेले असल्यास तो कालांतराने फुगतो आणि तडकतो, त्यामुळे व्यास मूळच्यापेक्षा जास्त भरतो. भेगा दिसल्या की नोंदीत तसे लिहावे आणि माप तुलनेस घेऊ नये.

अदलाबदल ओळखण्यासाठी आसाच्या चारही टोकांचा रंग पाहावा. एकच टोक चकचकीत किंवा कानसलेले असेल, अथवा तळ धडाशी जोडणारा रिव्हेट पोखरलेला दिसेल, तर माप जुळूनही त्या गाडीला मूळ म्हणू नये.

डिंकीच्या साच्यांवरून कलकत्त्यात बनलेल्या निकी टॉइजच्या गाड्यांसाठी निराळा तक्ता ठेवावा आणि त्यांची चाके इंग्लंडच्या मापांशी न ताडता, त्याच प्रकारच्या दुसऱ्या निकी गाडीशी ताडून पाहावीत.